एका माणसाचा भात

झाकण उचलून भात बाहेर यायला लागला, तसे टेलरमास्तर तो डावानं आत दाबायला लागले. नेमकी त्याच वेळी मुलगी दारात उभी राहिली, खांद्यावर मोठी रिकामी बॅग घेऊन.

"बाबा, वऱ्हाड येणार आहे का जेवायला?"

बायको जाऊन वर्ष होत आलं, तरी मास्तरांचा भात काही मापात येत नव्हता. गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत त्याचा छातीचा घेर सांगणारा हा माणूस, पण तांदळापुढे त्याची नजर पार गारद. खोड धंद्यातलीच होती. कापड पाण्यात पडलं की आटतं, तेव्हा थोडं जास्तच धरावं, हे हातात मुरलेलं. तांदूळ पाण्यात पडला की फुगतो, हे डोक्याला कळायचं, हाताला नाही. कमी पडला तर, म्हणून वर एक मूठ पडायचीच. मग तोच भात दुपारी, तोच रात्री, सकाळी परतून पुन्हा तोच. शेजारच्या वहिनींनी तर हल्ली उरलेल्या भाताचा डबा घेणंच बंद केलं होतं. एकदा चिडून मास्तरांनी अगदीच थोडा टाकला आणि ते अर्धपोटी झोपले.

हे सगळं वहिनींनी मुलीच्या कानावर घातलं होतं. ती त्यांना कायमचं न्यायलाच आली होती. तिच्याकडे काही कमी नव्हतं, जावई तर देवमाणूस. पण तिथे मास्तर पाहुणे असणार होते. इथे खिडकीशी त्यांचं मशीन होतं, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक दुसरा माणूस त्यांनी शिवलेल्या कपड्यात होता.

"संध्याकाळी दोघांचा भात मी लावतो," ते म्हणाले. "उरला किंवा कमी पडला, तर मुकाट्यानं येईन तुझ्याबरोबर."

मुलगी हसली. तिनं बॅग भरायला घेतलीच.

संध्याकाळी मास्तर तांदळाच्या डब्यापुढे उभे राहिले खरे, पण किती घ्यावेत ते ठरेना. त्यांनी मागे वळून लेकीकडे पाहिलं. अंगावर हाडं तेवढी दिसत होती, पण पोरगी पहाटेची निघालेली, दुपारी तो भाताचा ढीग बघून रागानं चार घासांवर उठलेली. आता ती भुकेनं नखं खात होती. अरे, आपण इतके दिवस पातेल्याचंच माप घेत बसलो! जेवणारा माणूस कुठे पाहिला? तिच्या भुकेचे तांदूळ त्यांनी घेतले, मग स्वतःच्या. वरची मूठ टाकली नाही.

मुलीनं एकदा वाढून घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, मग पातेलंच पुढ्यात ओढलं. मास्तर जेवता जेवता पातेल्याच्या तळाकडे बघत होते.

"संपला," ती म्हणाली.

"अजून हवा होता?"

तिनं पोटावर हात ठेवला. "आता एक शीत जाणार नाही, बाबा." आणि उठून, खरकट्या हातानंच, तिनं बॅगेतले त्यांचे सदरे पुन्हा कपाटात लावायला घेतले. हात धू आधी, म्हणून मास्तर ओरडले, पण आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून ते परतले. आता एकट्याचा भात. त्यांनी एक मूठ तांदूळ टाकले. तळाशी ते इतकेसे दिसले की मास्तरांना भरून आलं. हात सवयीनं पुन्हा डब्यात गेला. मग तो रिकामाच बाहेर काढून त्यांनी झाकण लावलं आणि पाणी घातलं.