फुकट्यांची सावड

करंजपाड्यात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी येते, शाळेच्या ओट्यावर. ओट्यावर कुणी बसला की तो लाडीगोडी लावायला बसलाय की भांडायला, हे साऱ्या पाड्याला ऐकू जातं. रविना मात्र तिथे मुकाट बसे. ती गड बांधायला बसे.

तलासरीच्या कॉलेजातून जीपने परतली, पाणी भरलं, चूल पेटवून दिली, की उजेड असेतो ती ओट्याच्या कडेला पाय सोडून बसायची आणि फोनच्या काचेत तिचं दुसरं रूप उभं राहायचं. पाठीवर टोपली, कमरेला कोयता, पाय अनवाणी. खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. पाडा त्याला नुसतं 'गडाचा खेळ' म्हणे. देशोदेशीची माणसं त्यात एकाच वेळी वावरत. कुणी गड बांधून राजा होई, कुणी वैद्य, कुणी वाटमाऱ्या. रविनाने स्वतःला धान्याच्या देवीचं नाव दिलं होतं, कणसरी.

त्या देशात माणसांचे दोन प्रकार. महिन्याचा हप्ता भरणारे आणि न भरणारे. हप्तेवाल्यांना घोडा, बैलगाडी, कोठार, बाजारात दुकान. बिनहप्त्याच्याला एवढीशी टोपली आणि दोन पाय. हातात जड काही घेतलं तर थोडं चालून धाप लागे आणि वस्तू आपोआप खाली पडे. घोड्यावरचे जाताजाता लिहीत, "हट रे फुकट्या!"

रविना हटायची, आणि पुढे चालायची. दोन वर्षं चालून तिला त्या मुलखातला झरान् झरा पाठ झाला होता. कुठल्या कड्याखाली मध आहे, कुठल्या रानात लांडगे दुपारचे झोपतात, हे घोडेवाले तिलाच विचारत. पाड्यातली चार पोरं, कासा आणि चारोटीकडची आणखी काही, अशी फुकट्यांची एक टोळी तिने जमवली होती. टोळीचं नाव करंजपाडा. सरकारी नकाशात हे नाव नव्हतं. एसटीच्या पाटीवरही नव्हतं. खेळात होतं.

आषाढात खेळात पुलाचा मेळा निघाला. नदीवरचा जुना पूल कोसळला होता. खाणीतून दगड आणून जी टोळी आपला पूल आधी पुरा करील, तिचं नाव पुलाच्या कमानीवर कोरलं जाणार आणि खेळ चालेल तोवर राहणार. मेळा रविवारी, दुपारभर.

त्याच आठवड्यात तिला सूर्यसेनेच्या म्होरक्याचा निरोप आला. शहरातली मातब्बर टोळी, सगळे हप्तेवाले. त्याने लिहिलं होतं, "कणसरी, तुझा हप्ता आम्ही भरतो, वर्षभर. खाणीच्या वाटा तुला ठाऊक आहेत. आमच्यात ये. फक्त ते फुकटं टोळकं सोड."

मिथुन, तिचा मोठा भाऊ, अच्छाडच्या सीमानाक्याजवळ धाब्यावर कामाला. सुट्टीला घरी आला होता. निरोप वाचून तो शीळ घालत म्हणाला, "घोडा मिळतोय, बाई! बस की चढून."

"आणि बाकीची?"

"बाकीची कोण? त्यांना तर आजवर तूच ओढतेस. नाव सूर्यसेनेचं लागलं काय, तुझं लागलं काय."

"त्यांचं लागेल ना, दादा. सूर्यसेना लागेल. करंजपाडा नाय लागणार."

"राहा मग चालत, फुकटची राणी," मिथुन हसला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने कामावर गेला.

रविनाला हसू आलं नाही. खाण ते नदी अंतर मोठं. फुकट्याच्या हातून दगड वाटेतच पडणार. सूर्यसेनेच्या बैलगाड्या एका फेरीत ढीग नेतील. मनाला घोर लागला होता, आणि हा घोर घेऊनच ती शनिवारी रखमी काकीच्या आवणीला, भाताच्या लावणीला, गेली.

करंजपाड्यात भाताची आवणी मजुरीवर होत नाही. सावडीवर होते. आज सगळे रखमीच्या शेतात, उद्या सगळे शेजारच्या हाल्याच्या. आज तू माझ्या चिखलात वाकलास, उद्या मी तुझ्या चिखलात वाकणार. कुणी आजारी पडलं तर त्याच्या घरचं दुसरं माणूस येतं, पण दिवस बुडवत नाही.

काकीचं रोप वरच्या तुकड्यात आणि आवणीचं शेत पार खाली, वरोळी नदीला मिळणाऱ्या ओढ्यापाशी. बांध निसरडे. रोपाचा भारा घेऊन कुणी उतरला तर निम्म्या वाटेवर आपटायचा. म्हणून बायाबापये वरपासून खालपर्यंत ओळीने उभे राहिले. वरच्याने जुडी द्यायची, खालच्याने घ्यायची. कुणाचा पाय हलत नव्हता आणि रोप मात्र चालत होतं. रखमी काकी मध्यावर उभी राहून गाणं सांगत होती. आवणीचं गाणं नेहमी तीच सांगायची. तिने ओळ टाकली की हात आपोआप पुढे जात.

*घे गो बाय, दे गो बाय, रोप निघालं दूर,*
*हातावरनं हातावर, खाली वरोळीचा पूर…*

रविनाच्या हातात जुडी आली आणि तिथेच थांबली. वरून दुसरी आली, तिसरी आली. तिच्या पायाशी हिरवा ढीग झाला.

"ए पोरी, झोपलीस का उभ्या उभ्या?" काकी ओरडली. "तुझ्या नवऱ्याच्या घरची रोपं हायेत का, जपून ठेवतेस ती?"

ओळ खो खो हसली. रविना हसायचीही विसरली. खेळात चालताना धाप लागते. जागच्या जागी उभं राहून दुसऱ्याच्या हातात देताना धाप लागत नाही. गाडीला रिकामं परत फिरावं लागतं. ओळीला कुठे परत जावं लागतं? फक्त माणसं पाहिजेत. पुष्कळ. आणि फुकट्यांच्या टोळीत यायला कुणाला काय पडतं? फुकटच तर आहे!

दुपारी बांधावर भाकर खाताना तिने विषय काढला.

"काकी, उद्या माझी सावड करशील?"

"तुमची आवणी तर झाली की."

"शेतातली नाय. फोनातली." तिने पूल सांगितला, दगड सांगितले, कमान सांगितली.

काकीने सुक्या मासळीचा काटा बाजूला काढला. "दगड खरा हाय का?"

"नाय."

"नदी?"

"नाय."

"मंग खरं काय हाय त्यात?"

"नाव," रविना म्हणाली. "करंजपाडा हे नाव खरं हाय. जगातली माणसं त्या कमानीखालून जातील आणि वाचतील."

मग म्हातारा देवजी आजा खाकरला. "आन् फेड कशी करशील?"

"दिवसाला दिवस. जो माझ्या ओळीत हात लावील, त्याच्या आवणीला मी."

"एवढ्या सगळ्यांच्या?" काकी तिच्या मऊ तळव्यांकडे बघून म्हणाली. "कंबर राहील का जाग्यावर?"

"राहील."

"बोलली हाय, ऐकलं ना सगळ्यांनी?" काकीने हात झटकले. "मंग येतू आम्ही."

संध्याकाळभर खेळ या फोनातून त्या फोनात जात राहिला. कुणाच्या फोनात जागाच नव्हती. हाल्याच्या फोनात तर लेकीच्या लग्नातला तारप्याचा नाच भरून राहिला होता, आणि तो पुसायला तयार नव्हता. "फोन ने, नाच ठेव," तो म्हणाला. शेवटी त्याने पुतण्याचा फोन घेतला.

रविवारी दुपारी शाळेचा ओटा माणसांनी भरला. बाहेर पागोळ्या गळत होत्या. रविनाने सगळ्यांना ओळीनेच बसवलं. खेळात जो ज्याच्या शेजारी, ओट्यावरही तो त्याच्याच शेजारी. चारोटी आणि कासाकडची आपापल्या घरून जोडली गेली. देवजी आजाचा अंगठा काचेला कळेचना. आयुष्यभर नांगर धरून त्याला कातडं राहिलं नव्हतं, झाडाची साल झाली होती.

"हा फोन मला माणूस मानत नाय," आजा कुरकुरला. रविनाने त्याची करंगळी धरून काचेवर टेकवली. करंगळी चालली.

मेळा सुरू झाला. सूर्यसेनेच्या गाड्या धुरळा उडवत सुटल्या. पलीकडून कुणी लिहिलं, "फुकट्यांची जत्रा आली वाटतं!"

"काय म्हणतो तो?" काकीने विचारलं.

"जत्रा म्हणतो."

"मंग गाणं पायजे," म्हणत काकीने ओळ टाकली. *घे गो बाय…* हाल्याने काचेवर बोट दाबलं, दगड त्याच्याकडून काकीकडे गेला. *दे गो बाय…* काकीकडून आजाकडे. ओट्यावर "घे" आणि "दे" यांची लाट निघाली आणि काचेतले अनवाणी लोक जागच्या जागी उभे राहून दगड चालवू लागले. कणसरी ओळीच्या टोकाला, नदीकडे होती. दगड येत होते, पण तिच्यापासून नदी अजून लांब होती. तिने पुढे पाहिलं. ओळ अपुरी पडली होती. शेवटच्या तुकड्यात माणूसच नव्हता. ती धावत दगड नेई. निम्मे वाटेत पडत.

तिकडे सूर्यसेनेचा पूल अर्ध्यावर आला होता.

तिने मिथुनला फोन लावला नाही. मनात आलं, पण लावला नाही. कमरेला पदर खोचावा तसा दुपट्टा खोचला आणि धावत राहिली. मग तिच्यापुढे, नदीच्या अंगाला, एक अनवाणी माणूस उगवला. त्याच्या डोक्यावर नाव होतं: अच्छाड. त्याच्यापुढे आणखी एक, मग आणखी एक, थेट पाण्यापर्यंत.

बाजूला ठेवलेला घरचा फोन वाजला. पलीकडे ट्रकांचे भोंगे.

"दादा? तुला कुणी सांगितलं?"

"काकीनं. काल रात्रभर चैन पडू दिलं नाय बाईनं. मी काय म्हणतो, इथे नाक्यावर गाड्या लागल्यात रांगेनं, हलायचं नाव नाय. ड्रायव्हर लोक बसलेत फोन घेऊन. एक राजस्थानचा हाय, दोन पंजाबचे, एक आपला मनोरचा. चहा पाजतोय त्यांना. दगड दे लवकर, राणी!"

ह्या वेळी तो 'फुकटची' म्हणाला नाही.

तो फोन स्पीकरवर टाकून रविनाने काकीचं गाणं अच्छाडपर्यंत पोचवलं. शब्द कळत नव्हते त्या ड्रायव्हरांनाही ताल कळला. कुणीतरी टेबलावर हात मारून ठेका धरला. रिकामी गाडी परत फिरत होती, भरून येत होती. ओळ मात्र एकदाही थांबली नाही. शेवटचा दगड रविनाच्या हातातून निघाला, मनोरवाल्याकडे गेला, राजस्थानवाल्याकडे, पंजाबवाल्यांकडे, आणि मिथुनने तो पुलावर ठेवला.

काचेत नगारे वाजले. कमानीवर अदृश्य छिन्नी फिरू लागली. एकेक अक्षर उमटत गेलं, आणि ओट्यावरची वाचता येणारी पोरं ते मोठ्याने म्हणत गेली. ज्यांना वाचता येत नव्हतं, ती पोरांच्या तोंडाकडे बघत होती. करंजपाडा. देवजी आजाने करंगळी वर धरून बघितली, जणू ती कुणा दुसऱ्याची होती.

सूर्यसेनेचा निरोप आला. "मानलं. आता तरी हप्ता घेशील?"

रविनाने लिहिलं, "माझा हप्ता उद्यापासून सुरू होतोय."

सोमवारी उजाडता उजाडता ती हाल्याच्या शेतात उभी होती, घोट्याच्या वर चिखल. मंगळवारी देवजी आजाच्या. पुढे कुणाकुणाच्या, ते काकीला तोंडपाठ होतं. कंबर मोडून गेली. तळव्यांना घट्टे आले. एकदा जीपमध्ये मैत्रिणीने विचारलं, "हाताला काय झालं गं?" तर रविनाने हात लपवला नाही, चांगला उघडा करून दाखवला.

"पूल बांधला," ती म्हणाली.

आवणी उरकत आली तेव्हा मिथुन घरी आला. सोबत मनोरचा ड्रायव्हर. "ह्याची फेड राहिली," मिथुन म्हणाला. "शेत नाय ह्याच्याकडे. काय करायचं?"

रखमी काकीने रविनाच्या आईकडे पाहिलं. आईने नाचणीच्या पिठाचा डबा काढला.

"जेवू घाला," काकी म्हणाली. "आन् ए मनोरवाल्या, पाय धू. ओढ्यापलीकडचा तुकडा राहिलाय माझा. पोटाला खाल्लं की ओळीत उभा राहा, रविनाच्या शेजारी. म्हंजे पुढच्या पुलाला आम्ही तुझं देणं लागू."