मुरू दे गं रात

"मळता मळता गोळा, रंग जाई आत,
थांब थोडी बाई, मुरू दे गं रात."

हा आवाज ताईचा. तिला हे गुणगुणताना शेवटचे ऐकले त्याला अकरा वर्षे झाली, पण माझ्या लाकडात तो अजून घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रूळ आहे. लाटण्याचा थोरला भाऊ म्हणा ना. हातभर लांब, बिनमुठीचा. सुताराने मला घासून घासून इतका गुळगुळीत केला की अंगावरून हात फिरवताच ताई म्हणाली, "हा माझा." ताई आणि तिची धाकटी बहीण, दोघी मिळून केक करायच्या. केकवर साखरेचे मऊ आवरण पांघरतात, त्याला फॉन्डंट म्हणतात. ते लाटणे हे माझे काम.

पांढरे फॉन्डंट कुणीही लाटील. गडद रंग मात्र माणसाचा अंत पाहतो. ताई काडीच्या टोकावर एवढासा रंग घ्यायची, गोळ्यात टोचायची आणि मळत बसायची. आधी गुलाबी, मग लाल, मग त्याहून गडद. मधेच गोळा कापून बघायची. आत एक जरी रेघ दिसली की पुन्हा मळायची. आणि हवा तो रंग यायच्या जरा आधीच हात आवरता घ्यायची. गोळा घट्ट गुंडाळून ठेवायची. रात्रभरात रंग आपला आपण गडद होतो, हे तिला ठाऊक होते.

धाकटी वैतागायची. "तुझा रंग फार झोपाळू आहे गं, ताई."

"झोपू दे. उठेल तेव्हा बघ."

सकाळी मी तो गोळा लाटायचो. कुठे डाग नाही, कुठे फिकट नाही. गिऱ्हाइके विचारायची, "केकला मखमल गुंडाळलीत की काय?" मी उगाच फुशारून जायचो.

एकदा एका नाट्यगृहाला पन्नास वर्षे झाली. केकचा रंग हुबेहूब त्यांच्या पडद्याचा हवा होता, जांभळ्याकडे झुकणारा लाल. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी पडद्याची चिंधीच आणून दिली. ताईने दुपारी गोळा मळला, गुंडाळला आणि नवा चष्मा आणायला गेली.

धाकटीने गोळा उघडून चिंधीशेजारी धरला. फिकट दिसला.

"दिसत नाही गं बिचारीला," ती पुटपुटली. ताईची फजिती होऊ नये म्हणूनच तिने त्यात अर्धी डबी रंग ओतला, घाईघाईने मळला आणि माझ्याखाली दाबला. तेव्हा माझ्या अंगाला रंग लागला. तिने पुसला, पण लाकडात शिरला तो शिरलाच. मग गोळा होता तसा गुंडाळून ठेवला.

सकाळी गोळा काळाकुट्ट झाला होता, आत रेघाच रेघा. नवा मळून मुरवायला वेळ नव्हता. ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. केक तसाच गेला.

केक खाऊन साऱ्या नटांच्या जिभा काळ्या झाल्या. धाकटी परत येऊन सांगू लागली, "राजाने आ केला आणि राणी पळाली बघ." ताईसुद्धा हसली. हसता हसताच तिने अॅप्रन सोडला.

"माझी नजर गेली गं. आता रंगाचं मला विचारू नकोस."

"अगं ताई..."

"काय?"

"काही नाही. चहा ठेवू?"

त्या दिवसापासून दुकानात पांढरेच केक होऊ लागले. माझा डाग पांढऱ्याला लागेल म्हणून मी खणात गेलो, जुन्या साच्यांखाली. ताई खोक्यांना फिती बांधू लागली. खणाच्या फटीतून तिचा आवाज यायचा, "ही निळी आहे की काळी, बघ गं जरा." निळीच असायची. तिला बरोबर दिसायचे, फक्त भरवसा उरला नव्हता. धाकटी "निळी" एवढेच म्हणायची. पुढे तर फिती तीच निवडून द्यायला लागली.

मित्रांनो, मला पुसून कोरडे ठेवा, खणात टाकू नका, असे मागणे मागता आले असते. पण सल वेगळाच आहे. मला सगळे माहीत होते आणि मी पडलो लाकूड. तुम्हाला तोंड आहे. रंग गुंडाळून ठेवावा, तो मुरून खुलतो. चूक गुंडाळून ठेवली की काळी पडते, आणि ती भलत्याच माणसाला खावी लागते.

परवा त्याच नाट्यगृहाच्या बाई नव्या पडद्याची चिंधी घेऊन आल्या. त्या गेल्यावर धाकटीने मला खणातून काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि माझा डाग ताईसमोर धरला.

"ताई, हा रंग कोणता?"

"मला काय विचारतेस? फितीसुद्धा तूच निवडून देतेस मला."

"सांग तरी."

ताईने चष्मा नाकावर सरकवला. बराच वेळ पाहिले. "लाल. जांभळ्याकडे झुकलेला. त्या पडद्याचा."

"बरोबर." धाकटीची बोटे माझ्यावर घट्ट आवळली गेली. "ताई, तुझा गोळाही बरोबर होता. तू चष्मा आणायला गेलीस ना, तेव्हा मी त्यात रंग ओतला."