रूपरावच्या पायातली आग

समुद्रपूरजवळच्या त्या खेड्यात रूपरावच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. माणसं कुंपणावर चढली होती. खाटेवर रूपराव तापाने फणफणत होता. त्याचा डावा पाय भगव्या फडक्यात गुंडाळला होता आणि उशाशी मोतीलालबाबा बसला होता. १९५४ सालचा उन्हाळा.

रूपराव चांदा जिल्ह्यातल्या एका कोळशाच्या खाणीत कामाला होता. तिथे छत कोसळून पाय दगडाखाली सापडला. ठेकेदाराने पट्टी बांधून त्याला गावी पाठवलं. त्या छताला लाकडी टेकू नव्हते. तिथे नारळ टांगलेला होता, याच बाबाने मंतरून दिलेला. मंत्राने छत बांधलं गेलं, आता ते पडणार नाही, या भरवशावर मजूर टेकूंची वाट न पाहता आत गेले होते.

“नारळ होता, तरी छत कसं पडलं?” चंद्रभान मास्तरांनी विचारलं.

“नारळ होता म्हणून तर जान बचली!” बाबा गरजला. “कोळसा म्हंजे खाणमाईचे केस. यानं ते उपटले. माईची आग याच्या पायात भरली. हे आग डाक्टरच्या बापाले नाई दिसत!”

त्याने एक राखाडी खडा कोरड्या फडक्यावरून फिरवला आणि तांब्याच्या गडव्यात टाकला. पाणी खदखदलं. बाबाने जळती काडी जवळ नेली. भप्पकन जाळ उठला.

“निघाली! आग निघाली!” बायांनी हात जोडले.

“अजून लय हाय. जखमेले पाण्याचा थेंब लागू देऊ नका. दवाखान्यात नेलं, त खेल खतम!”

रूपराव तापात पुटपुटला, “माह्या दिव्याचा वास येऊन राह्यला.”

“ऐका! माईचा दिवा दिसला त्याले!” बाबा ओरडला.

मास्तर मात्र रूपरावच्या बायकोकडे वळले. “जयवंताबाई, कोणता दिवा?”

“खाणीतला जी. डोक्याले बांधाचा. खडे अन् पाणी टाकलं का गॅस होते. लसणावानी वास मारते...” जयवंता थांबली. गडव्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन खड्यांचा डबा घेऊन आली.

मास्तरांनी त्यातला खडा पाण्याच्या लोट्यात टाकला, काडी ओढली. तसाच जाळ.

मग म्हातारे बाबाराव म्हणाले, “म्हंजे मास्तरलेबी सिद्धी हाय!” दोघातिघांनी मास्तरांना हात जोडलेसुद्धा.

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि खडा अन् काडेपेटी पुढे बसलेल्या म्हाताऱ्या सीताबाईंच्या हातात दिली. जाळ उठताच म्हातारी मागे सरकली. “अगे माय! मले कायची सिद्धी? माही सून त माह्यं ऐकत नाई!”

लोक हसले. हसणं ओसरलं तेव्हा बाबा अंगणात नव्हता.

तो खडा म्हणजे कार्बाइड. पाणी लागलं की त्यातून पेटणारा वायू निघतो. ओल्या फडक्यावरून फिरवला असता, तर तिथेच फसफसून बाबाचं बिंग फुटलं असतं. म्हणून जखमेला पाणी वर्ज्य होतं.

फडकं सोडलं. आतून आलेला वास दिव्याचा नव्हता. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता.

“पाय धू म्हणत होता,” जयवंता रूपरावकडे पाहत म्हणाली. “रोज म्हणत होता. म्याच नाई धुतला.”

वर्ध्याच्या दवाखान्यात पाय मांडीतून कापावा लागला. आधी आणला असता, तर कदाचित वाचला असता, एवढंच डॉक्टर बोलले.

दिवाळीनंतर ठेकेदाराचा माणूस मजूर न्यायला आला. रूपरावचा धाकटा भाऊ तानबा निघाला.

“टेकू लावले का?” मास्तरांनी विचारलं.

“मागवले जी. तोवर हे हाय ना,” त्या माणसाने पिशवी उघडून दाखवली. आत नवा नारळ होता, लाल फडक्यात बांधलेला.

“तानबा, तू पाह्यलं ना सारं?”

“पाह्यलं मास्तर. पण घरात कमावणारा कोण हाय आता?”

छत ठोकून पाहावं. पोकळ वाजलं तर तिथून निघावं. टेकू लागल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, जखम धुवावी, माणूस दवाखान्यात न्यावा. यातल्या कशालाही मंत्र लागत नाही. टेकू मात्र लागतो, आणि तो तानबाच्या हातात नव्हता.

रूपरावने त्याला दारात थांबवलं. कुबडीने आधी भरला रांजण वाजवला, मग रिकामा.

“ऐकलं? छत असं वाजलं का पयजो भाईर. नारळाकडे पाहू नोको.”

तानबाने मान हलवली. रूपरावने रिकामा रांजण पुन्हा वाजवला.