व्हर्नाचा मिक्सर

नेटीने आयुष्यात कधी अंड्यांचा रिकामा पुठ्ठा फेकला नव्हता. त्या गावात कोणीच फेकत नसे. पुठ्ठे जमवायचे आणि अंडी आणायला जाताना कोंबड्या पाळणाऱ्या व्हर्नाला परत द्यायचे, हा तिथला रिवाज. रिकाम्या हाताने गेलात तर व्हर्ना अंडी द्यायची खरी, पण तोंड असं करायची की पुढच्या खेपेला माणूस शेजारणीकडून मागून का होईना, पुठ्ठा घेऊन जाई. म्हणून गराजमधल्या टेबलावर नवऱ्याचा, वासिलचा, पुठ्ठा दिसला तेव्हा नेटीने फार विचार केला नाही. त्याच्या खळग्यांत स्क्रू होते. ते तिने कॉफीच्या डब्यात ओतले, हरवू नयेत म्हणून वर झाकण लावलं आणि पुठ्ठा व्हर्नाच्या हवाली करून आली. आपण किती व्यवस्थित आहोत, असंही वाटून घेतलं. आता काय म्हणावं या व्यवस्थितपणाला!

ते स्क्रू होते व्हर्नाच्याच मिक्सरचे. चांगला जाडजूड, लोखंडी अंगाचा, पीठ मळायचा मिक्सर. शरद ऋतूत गावच्या हॉलमध्ये मोठं जेवण असतं, त्यातल्या पिरोहीचं, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्यांचं, सगळं पीठ दरवर्षी त्यातच मळलं जायचं. यंदा तो नुसता घरघर करायला लागला. व्हर्नाचा कॅलगरीतला मुलगा फोनवर म्हणाला, फेकून दे, नवा घे. व्हर्नाने फोन ठेवला आणि मिक्सर उचलून ती वासिलकडे आली.

दुसरं जाणार कुठे? जवळच्या यॉर्कटन शहरात दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पूर्वी वासिलच्या गराजमध्ये टोस्टर, इस्त्र्या, रेडिओ यांची रांग लागायची. आता लोक आणतात त्या वस्तूंना स्क्रूच नसतात, सगळं डिंकाने चिकटवलेलं. फोडल्याशिवाय उघडत नाही आणि फोडल्यावर उपयोग नाही. ज्याला स्क्रू नाही ती वस्तू तुमची नव्हेच, कंपनीने वापरायला दिलेली आहे, असं वासिल येईल त्याला ऐकवायचा. लोक हसायचे आणि जाता जाता ती वस्तू गावाबाहेरच्या कचऱ्यात टाकायचे.

मिक्सर उघडला तेव्हा मात्र वासिलची कळी खुलली होती. आतलं एक दातेरी चाक झिजलं होतं, एवढंच. नवं त्याने पोस्टाने मागवलं आणि कुठला कुठे बसतो ते चुकू नये म्हणून स्क्रू निघाले तसे ओळीने पुठ्ठ्यात ठेवले.

आता नेटीला ठाऊक होतं ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. वसंतात डॉक्टरने वासिलला सांगितलं होतं की त्याची स्मरणशक्ती आता हळूहळू जात राहणार. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "उघडलेलं मला परत बंद करता येतंय तोवर मी ठीक आहे. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी गाडीची किल्ली मीच तुझ्या हातात देईन." नेटी बरं म्हणाली. तेव्हापासून तो गराजमध्ये गेला की तिचं अर्धं लक्ष तिकडेच असायचं. तरीही ही घोडचूक तिच्याच हातून व्हायची होती.

पोस्टाने चाक आलं त्या दुपारी वासिल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि पुठ्ठा कुठे आहे म्हणून त्याने विचारलं. नेटीने आपण काय केलं ते सांगून टाकलं. पूर्वीचा वासिल असता तर आरडाओरडा करून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आत्ता तो नुसता वळला आणि गराजमध्ये जाऊन डब्यासमोर बसला. एक स्क्रू उचलायचा, बघायचा, परत टाकायचा. त्या शांतपणाचीच तिला जास्त भीती वाटली.

ती मागोमाग गेली. मीच मिक्सर मोडला असं व्हर्नाला सांगते, नवा घेऊन देऊ, तुझं नावही येणार नाही, असं काय काय बोलत राहिली.

"चूक तुझी आहे, म्हातारे," वासिल म्हणाला, "पण पूर्वी मला या डब्याची भीती वाटली नसती."

नेटीने स्टूल ओढलं आणि डबा टेबलावर उपडा केला. आखूड एकीकडे, लांब एकीकडे, त्याने सांगितलं तसे वेगळे केले. मग भोकामागून भोक दोघं स्क्रू लावून बघायला लागली. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की आत चाकाला टेकायचा आणि मिक्सर गुरगुरायचा. परत उघडा. दोनदा असं झालं. दुसऱ्यांदा वासिलने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि गाडीच्या किल्लीकडे बघितलं. ती दाराशेजारी खिळ्याला होती. नेटीने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि मुद्दाम व्हर्नाच्या मुलाचा विषय काढला. झालं, म्हाताऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. त्या पोराला सायकलची साखळी बसवता येत नव्हती, हा मोठा फेकून दे सांगणारा! बोलता बोलता त्याचं बोटांकडे लक्ष राहिलं नाही आणि बोटं आपली काम करत गेली. हा इथे, तो तिथे.

बटण दाबलं. मिक्सर फिरला, अगदी बिनआवाज, जसा फिरायला हवा तसा. नेटीचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद तिला त्यांचं कर्ज फिटलं तेव्हाही झाला नव्हता. बटाटे चढवते म्हणून ती उठली.

दारातून तिने वळून बघितलं. वासिलने मिक्सर बंद केला होता, आडवा घातला होता आणि पहिला स्क्रू परत काढायला घेतला होता.

ती हळूच जवळ आली. "वासिल, झालाय तो. आत्ताच चालवून बघितला आपण."

"माहितेय मला."

त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे काढून टेबलावर पसरले आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ तिच्याकडे केली.

"बस. आता तू लाव."

"मला काय येतंय त्यातलं?"

"म्हणून तर," वासिल म्हणाला. "पुढच्या वर्षी व्हर्ना हा घेऊन येईल, तेव्हा मी नुसता बघत बसलेला असेन. कोणाला तरी यायला पाहिजे."

नेटी स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले होते, समोरचं भोकही धड दिसत नव्हतं. पहिला स्क्रू तिरपा गेला. वासिलने हात पुढे केला नाही.

"उलटा फिरव," तो म्हणाला. "काढ, आणि परत लाव."