तक्रार मिटलेली नाही

"ताई, ही तक्रार तुम्ही परत उघडलीत?"

"उघडली. मिटली नव्हती, म्हणून उघडली."

साहेब तिच्या टेबलाशी उभेच होते. इस्पितळातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या तक्रारी समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत. वेळेत मिटलेली हिरवी, रेंगाळलेली लाल. आज खाली-वर सगळं हिरवंगार होतं आणि मधोमध एकच ओळ लाल. ती साहेबांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत होती.

"चार तासांत मिटवायची तक्रार, नऊ दिवस झाले. मशीन बंद करून चालू केलं की चालतं ना?"

"चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"मग पुन्हा झालं की नवी तक्रार नोंदवायची. ही बंद करा."

"म्हणजे ताप उतरला की पेशंट बरा, आणि चढला की तो नवा पेशंट?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं. साहेब हसले नाहीत. "चार दिवसांनी तपासणीची माणसं येतायत. आपल्या विभागाला प्रमाणपत्र मिळायचंय. मला हा बोर्ड हिरवा पाहिजे," असं म्हणून ते काचेच्या खोलीत निघून गेले. विभागात येऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते.

तिला इथे बावीस वर्षं झाली होती. आली तेव्हा ती केसपेपर टाइप करायची. मग एकदा प्रिंटर अडला, तो तिने उघडून बघितला आणि तिथून ती या कामात शिरली ती शिरलीच. टेबलांखाली रांगत वायरी ओढल्या, बिघडलेली यंत्रं खोलत, जोडत शिकली. एखादी गोष्ट धरली की सोडत नाही म्हणून मागे सगळे तिला घोरपड म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

तक्रार चार नंबरच्या वॉर्डातून आली होती. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा रिपोर्ट पडद्यावर उघडला. वर नाव आजोबांचंच, खाली साखरेचा आकडा चांगलाच चढलेला. त्यांनी डॉक्टरांना कळवलं, सांगितलं तेवढं इन्सुलिन सिरिंजमध्ये भरलं आणि खाटेशी गेल्या. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "सिस्टर, गरगरतंय हो. कालपासून घास गेला नाही पोटात." सिस्टरांचा हात थांबला. त्यांनी आजोबांचं बोट टोचून पाहिलं, तर साखर पार तळाला गेलेली. पडद्यावरचा आकडा पाच नंबरच्या खाटेवरच्या बाईंचा होता.

"ती सुई गेली असती ना, तर आजोबा गेले असते," सिस्टरांनी तिला फोनवर सांगितलं होतं.

आणि उत्तर काय, तर मशीन बंद करून चालू करा!

साहेब टेबलाशी आले त्या संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा, भांडणाच्या वाटेला सहसा जायचा नाही. भाजी चिरता चिरता म्हणाला, "सहा वर्षं राहिलीत तुझी. साहेबाशी वाकडं घेऊन काय मिळणार?"

"आणि तिथे तुमचे बाबा असते तर?"

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "नेमकं कधी होतं ते शोध. रोज होत असेल तर त्याला काहीतरी नियम असणारच."

पुढचे दोन दिवस ती सकाळपासून वॉर्डातच जाऊन बसली. कुणी काय दाबलं, किती वाजता, सगळं वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी गोम सापडली. दहा वाजता लॅबमधून सगळ्यांचे रिपोर्ट एकदम येत आणि यंत्रणा मंदावत असे. तेवढ्यात एका सिस्टरने उघडलेला रिपोर्ट बंद न करता दुसरीने तिथेच दुसऱ्या पेशंटचा उघडला, की वरचं नाव लगेच बदलायचं आणि खालचे आकडे मात्र मिनिटभर आधीच्याच पेशंटचे राहायचे. तिने पायरी पायरी लिहून प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. कंपनीने महिनाभराचा वायदा केला. तोच कागद तिने साहेबांनाही दिला; त्यांनी तो न वाचताच बाजूला ठेवला.

तपासणीच्या दिवशी ती कामावर आली आणि पडद्याकडे बघतच राहिली. लाल ओळ नव्हती. तिने नोंद उघडली. 'समस्या सोडवली', आणि खाली तिचं नाव.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत तिने कधी खोटी नोंद केली नव्हती; आज तिच्या नावाने दुसऱ्याने केली होती.

पावणेदहाला पाहुण्या आल्या. दोघी होत्या. त्यांतल्या वयस्कर बाईंनी चष्मा सावरत बोर्ड न्याहाळला. "वा, एकही तक्रार उघडी नाही?"

"आमची टीम मेहनती आहे," साहेब म्हणाले.

"एक उघडी आहे," ती उठून उभी राहिली. "चार नंबर वॉर्डची. माझ्या नावाने बंद झालीय, पण मी बंद केलेली नाही."

"ताई, हे आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला साहेब? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" ती बाईंकडे वळली. "दहा वाजत आलेत. वॉर्ड एक मजला वर आहे. येता?"

साहेबांनी जिना अडवला नाही, एवढंच. मोठ्या सिस्टरांनी पाच नंबरच्या बाईंचा रिपोर्ट उघडला, लगेच तिने सात नंबरचा उघडला. वर आजोबांचं नाव झळकलं. खाली आकडे बाईंचेच. पाहुण्या बाईंनी दोनदा वाचलं. खाटेवरून आजोबांनी विचारलं, "माझं काही वाईट आहे का हो?"

"नाही आजोबा," ती म्हणाली, "मशीनचं आहे."

महिनाभराचा वायदा करणारी कंपनी तिसऱ्या दिवशी दुरुस्ती घेऊन हजर झाली. सगळ्या वॉर्डांतल्या मशीनवर दुरुस्ती झाली. सलग आठवडाभर दहाच्या ठोक्याला ती वॉर्डात जाऊन खात्री करत राहिली, आणि मोठ्या सिस्टर "आता ठीक आहे" म्हणाल्या तेव्हाच तिने तक्रार बंद केली. प्रमाणपत्र लांबणीवर पडलं.

पंधरवड्याने साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं आणि टेबलावर एक कागद सरकवला. तिची बदली मागच्या इमारतीत, जुन्या सामानाच्या कोठारात झाली होती. कारण दिलं होतं, 'तक्रार निवारणात दिरंगाई'.

तिने कागद सावकाश वाचला. खालची कारणाची ओळही वाचली.

"मिळाल्याची सही करा," साहेब म्हणाले.

तिने सही केली, तारीख घातली. पेन खाली ठेवलं नाही.

"शेरा कुठे लिहायचा?"

"त्यात शेऱ्याला जागा नाही, ताई."

तिने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथे ठळक, गोल अक्षरांत तिने लिहिलं, 'कारण मान्य नाही.' खाली पुन्हा पूर्ण नाव, पुन्हा तारीख, आणि घड्याळात बघून वेळ.

"दोन्ही बाजूंची झेरॉक्स द्या मला," ती म्हणाली, आणि झेरॉक्स येईपर्यंत साहेबांच्या समोरच्या खुर्चीत ताठ बसून राहिली.