हात केला की

"थांबलासा न्हवं परत!" रूपालीनं वर केलेला हात खाली घेऊन कमरेवर ठेवला. "आवो, मी काय पॅसेंजर हाय व्हय?"

भाऊसोनं जीपचं इंजिन बंद केलं आणि ओशाळून हसला. कोडोलीबाहेरच्या माळावर सकाळपासून नवराबायकोचा हाच खेळ चालला होता. तिनं लांब जाऊन उभं राहायचं, जीप भरधाव आली की हात वर करायचा, आणि त्यानं न थांबता पुढं निघून जायचं. एवढंच. शेंबड्या पोरालाही जमलं असतं. पण हात दिसला की भाऊसोचा पाय त्याला न विचारताच ब्रेकवर जायचा.

"मी न्हाय थांबत गं, पाय थांबतोय," तो म्हणाला.

"मग पायाला सांगा, आज वडाप बंद हाय म्हणून. चला, फिरवा गाडी."

भाऊसो कोडोली ते कोल्हापूर वडाप करायचा. जीपमध्ये बसतील तेवढी माणसं आणि मग न बसतील तेवढी, असा तो धंदा. पण या धंद्यातही त्याच्यावर माणसांचा जीव होता. म्हातारीचं गठुळं तो स्वतः टपावर चढवायचा. पोटुशी बाई गाडीत असली की डोक्यावर भरली घागर असल्यासारखा जीप चालवायचा. हात केलेल्या माणसाला त्यानं कधी रस्त्यावर सोडलं नाही. एकदा बांधावरच्या गड्यानं हात केला म्हणून भर उतारावर गाडी थांबवली, तर तो गडी कावळे हाकत होता. गाडीतली माणसं पोट धरून हसली आणि पुढं वर्षभर हसत राहिली.

दर मे महिन्यात माळावर जीपगाड्यांची शर्यत व्हायची. भाऊसो मागची बाकडी आणि वरचा हूड काढून तीच जीप शर्यतीला उतरवायचा. मातीत गाडी वळवावी तर त्यानंच, हे पन्हाळ्यापासून वारणेपर्यंत कुणीही सांगितलं असतं. पण पहिला नंबर काही त्याच्या नशिबात नव्हता. दुसऱ्या नंबरच्या ढाली घरात एवढ्या झाल्या होत्या, की त्यातली एक रूपाली पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरायची. लोक हळहळायचे, नशिबाला शिव्या द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच जीपमध्ये बसून ती शर्यत पुन्हा त्यालाच सांगायचे.

त्याचं खरं दुखणं ओळखलं ते प्रसेनजीतनं. फाट्यावर राहणारा हा तरणा पोरगा. भाऊसोनंच त्याला स्टेअरिंग धरायला शिकवलं होतं आणि तो भाऊसोला मामा म्हणायचा. आता तो एका खडी क्रशरवाल्याची जीप शर्यतीत पळवत होता. गेल्या वर्षी त्यानं शेवटच्या वळणावर भाऊसोला मागं टाकलं, ढाल घेतली आणि चहाच्या गाड्यावर गाठून सरळ सांगितलं, "मामा, गाडीत कायबी खोट न्हाय तुमच्या. माणसं कडंला हात हालवत्यात, आन हात बघिटला की तुमी ढिलं पडता. मी मागनं बघतोय न्हवं."

भाऊसोला ते पटायला एक चहा लागला.

"मग काय करू म्हणतोस?"

"थांबू नगा. हात दिसला तरी दाबून जावा. पुढच्या साली मला हारवून दावा, मग मीच नाचतो तुमच्या म्होरं."

म्हणून हा माळावरचा खेळ. रूपालीनं चिकाटी सोडली नाही. उन्हानं तोंड रापलं तरी रोज सकाळी जाऊन ती हात वर करून उभी राहायची. आणि एके दिवशी जीप तिच्या अंगावर धुरळा उडवत खरोखरच निघून गेली. रूपालीनं लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. भाऊसोही हसला, पण त्याला आतून बरं वाटलं नाही. कुणाला तरी वाटेत टाकून आल्यासारखं उगाचच वाटत राहिलं. जिंकायचं तर एवढं सोसायला पाहिजे, असं त्यानं मनाला समजावलं.

त्याच्याहून जास्त घाई झाली होती अंबूबाईला. ही म्हातारी रोज पहाटे कोथिंबिरीच्या पेंड्या घेऊन कपिलतीर्थ मार्केटला जायची. जीपची पुढची सीट तिच्या मालकीची होती, कागद तेवढा झाला नव्हता. दर चैत्रात जोतिबाची यात्रा करून आली की ती भाऊसोच्या नावानं गुलाल घेऊन यायची. तो जिंकला की उधळायचा म्हणून. तो जिंकायचा नाही आणि गुलाल कणगीमागं पडून राहायचा. पुढच्या वर्षी त्यात नवा भरायचा. आता त्याचं चांगलं अर्धं पोतं झालं होतं.

"मी मरायच्या आत जित रं बाबा," ती म्हणायची. "न्हायतर माझ्याच तिरडीवर उधळतील ह्यो."

शर्यतीच्या दिवशी रूपाली आणि अंबूबाई दोरीच्या कडेकडेनं फिरल्या. दिसेल त्याला बजावलं, भाऊसो आला की कुणीही हात वर करायचा नाही. कोडोलीकरांनी ते मनावर घेतलं. बाप्ये हात मागं बांधून उभे राहिले, बायकांनी पदराखाली घेतले, काहींनी खिशात कोंबले. एवढे आज्ञाधारक प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या शर्यतीला मिळाले नसतील. शेवटच्या वळणावर, निशाणाच्या जरा अलीकडं, सगळी मंडळी अशी हात आवळून उभी होती. अंबूबाई पोतं पायाशी घेऊन पुढं, आणि दरसालच्या पाच फेऱ्या मोजायला ओटीत शेंगा.

शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह यांनी कर्ण्यावरून सांगितलं, की पहिली फेरी सलामीची, ती धरायची नाही, तिच्यापुढच्या पाच खऱ्या. चालकांनी ते ऐकलं, कारण ते कर्ण्याच्या पुढ्यातच होते. वळणावर मात्र हलग्या अशा कडाडत होत्या, की तिथं शेजारच्याचं बोलणंही कळत नव्हतं. सलामीची फेरी झाली आणि अंबूबाईनं पहिली शेंग बाजूला काढली.

त्या दिवशी भाऊसोची जीप पाण्यासारखी वळत होती. दुसऱ्याच फेरीत तो पुढं आला. मागं फक्त प्रसेनजीत, आरशात सारखा दिसणारा. कडेला एकही हात नव्हता. नुसती तोंडं, श्वास रोखलेली. गाडीपुढं रिकामी वाट कशी दिसते, हे त्याला इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कळत होतं. त्याच्या छातीत आनंद मावेना.

अंबूबाईनं पाचवी शेंग काढली. भाऊसोची जीप वळणावरून सगळ्यात आधी गेली आणि म्हातारीला राहवलं नाही. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" तिनं ओंजळ भरून गुलाल फेकला आणि बाकीच्यांनी पोतंच उचललं. इतका वेळ आवळून धरलेले हात सगळे एकदम मोकळे झाले. कितीतरी चैत्रांचा गुलाल एका दमात वाटेवर उडाला.

एक फेरी अजून बाकी होती.

भाऊसो निशाणापुढून गेला तेव्हा आरशात नुसतं लालगुलाबी दिसलं. घाई केली खुळ्यांनी, असं मनात येऊन त्याला हसूही आलं. त्यानं गाडी दाबली. पलीकडच्या कडेला गेल्यावर पाहिलं, तर प्रसेनजीत मागं नव्हता. बंद पडली असेल, असं त्याला वाटलं. जिंकायला निघालेल्या माणसाला जे सोयीचं असतं तेच आधी वाटतं.

तो शेवटच्या वळणावर परत आला. गुलाल अजून खाली बसला नव्हता. माणसं निशाणाकडं पळत सुटली होती. दोरीजवळ काहीतरी काळं आडवं पडलेलं दिसलं आणि तिथून, अगदी जमिनीलगत, एक हात वर झाला.

भाऊसोचा पाय उचलला गेला. पण एवढे दिवस रूपाली उन्हात उगाच उभी राहिली नव्हती. हात वर करायचा न्हाय हे कुणीतरी येडं विसरलं वाटतं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. आज वडाप बंद हाय. त्यानं ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला आणि जीप त्या हातासमोरून निघून गेली.

निशाण पडलं. भाऊसो जिंकला.

गाडी थांबते न थांबते तोच माणसांनी त्याला बाहेर ओढला आणि खांद्यावर घेतला. कुणी मिठ्या मारत होतं, कुणी रडत होतं. खांद्यावर उंच गेल्यावर त्याला जे दिसलं, ते खाली नाचणाऱ्यांतल्या कुणालाच दिसत नव्हतं. वळणावर क्रशरवाल्याची जीप उलटी पडली होती. पाचसहा माणसं ती उचलायला बघत होती आणि ती हलत नव्हती. म्हणजे तो हात प्रसेनजीतचा होता.

"उतरवा मला!" तो ओरडला. "आरं पोरगं अडकलंय तकडं! उतरवा!"

हलग्यांपुढं कुणाला काय ऐकू येणार? तो सुटायला धडपडू लागला, तसे खालच्यांनी त्याचे पाय आणखी घट्ट धरले, पडला तर काय घ्या म्हणून. त्यानं हात वर केला, वळणाकडं दाखवला, जिवाच्या आकांतानं हलवला. ते बघून अख्ख्या गर्दीनं हात वर केले आणि आरोळी ठोकली. त्याला रडू फुटलं.

"बघा, आनंदानं रडतोय भाऊसो," खालून कुणीतरी म्हणालं. त्याला उचलायला अख्खं कोडोली होतं, आणि ती जीप उचलायला पाचसहा माणसं. जन्मात पहिल्यांदा त्यानं हात केला होता आणि कुणी थांबलं नाही.

रूपालीच्या लक्षात आलं तेव्हा ती हलगीवाल्यांच्या अंगावर धावून गेली. हलग्या थांबल्या. मग सगळे पळाले, जीप उचलली, प्रसेनजीतला टेम्पोत घालून कोल्हापूरला नेलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

भाऊसो ढाल परत द्यायला विजयसिंहांकडं गेला, तर त्यांनी हात जोडले. "न्हाय भाऊसो. एकदा गुलाल पडला की निकाल लागला. आता काय करता येतंय?" विजयसिंह वाईट माणूस नव्हते. त्यांनाही काय करावं ते कळत नव्हतं.

दवाखान्यात प्रसेनजीत उशाला टेकून बसला होता. भाऊसोला बघून थोडा हसला.

"जितलासा की मामा शेवटी."

भाऊसो स्टुलावर बसला.

"मी हात केलता," प्रसेनजीत म्हणाला. "दिसला न्हाय न्हवं तुमास्नी? गुलाल लई होता."

वाट सोपी करून दिली होती पोरानं. नुसती मान हलवायची होती.

"दिसला," भाऊसो म्हणाला.

प्रसेनजीतनं मांडीवरची चादर सारखी केली. "मग बरोबर हाय," तो हळूच म्हणाला. "मीच म्हटलं व्हतं न्हवं, थांबू नगा म्हणून."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भाऊसोला बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर अंबूबाई मागच्या बाकड्यावर बसली होती. पुढच्या सीटवर ती परत कधी बसली नाही. "माझ्या गुलालानं झालं न्हवं रं?" तिनं मागूनच विचारलं.

"न्हाय आक्का. वारं आडवं सुटलं व्हतं," भाऊसो म्हणाला. त्या दिवशी माळावर झाडाचं पान हलत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढं शर्यती झाल्या, भाऊसो गेला नाही. पहिल्या नंबरची ढाल रूपालीनं कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. अंबूबाई गेली. तिच्या माणसांनी गुलाल आणला होता, तो रूपालीनं उधळू दिला नाही. रस्ता मोठा झाला, वडापच्या जीपगाड्या वाढल्या. भाऊसोच्या मिशा पांढऱ्या झाल्या, जीप मात्र तीच.

प्रसेनजीत आता कोल्हापुरात एका एस.टी.डी. बूथवर बसतो. रोज सकाळी तो फाट्यावर उभा असतो, दोन्ही बगलांत कुबड्या. दोन्ही हात त्यात अडकलेले. हात करायचा म्हटलं तर एक कुबडी सोडावी लागेल. तो सोडत नाही. भाऊसोची जीप लांबूनच हळू होते आणि बरोबर त्याच्यापुढं थांबते. पुढची सीट मोकळी असते. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असली, तरी ती मोकळीच असते.

"चल की," भाऊसो म्हणतो.

"न्हाय मामा, येस्टीनं जातो. तुमी जावा," प्रसेनजीत म्हणतो. रागानं नाही. पाहुण्याला पाणी विचारावं तसं, सरळ.

भाऊसो तरी लगेच निघत नाही. इंजिन बंद करून थोडा वेळ बसतो. नेहमीच्या माणसांना ते ठाऊक आहे. परवा गाडीत एक नवा माणूस होता, चंदगडकडचा, त्याला कोल्हापुरात पुढची गाडी गाठायची होती. त्यानं मागून मान पुढं काढली.

"का ओ डायवर, थांबलासा कशाला? कुणी हात तर केला न्हाय."

"केलता की, पावणं," भाऊसो म्हणाला. "लई मागं केलता."

मागून एस.टी. येताना दिसली. प्रसेनजीत तिच्यात चढेपर्यंत तो थांबला, मग त्यानं चावी फिरवली.