पट्टी मोकळी आहे

न्योकाबीनं छोटं सेसना विमान इतकं खाली आणलं, की धावपट्टीवरच्या शेळ्या वाट फुटेल तिकडे पळाल्या. नातोबोकला उतरायची हीच रीत होती. पहिल्या फेरीत शेळ्या हाकलायच्या, दुसऱ्या फेरीत चाकं टेकवायची. विमान वर घेत तिनं मागं वळून पाहिलं. शेळ्यांबरोबर पक्षीही उठले होते.

आज मंगळवार, बाजाराचा दिवस, हे ती विसरलीच होती. एरवी तिची फेरी गुरुवारची; आज ती अडलेल्या बाईला न्यायला आली होती. मंगळवारी पट्टीच्या टोकाला खाटीक गुरं कापत आणि आतड्यांच्या आशेनं टकले करकोचे शेकड्यांनी जमत. एकेक पक्षी करडाएवढ्या वजनाचा.

मागच्या वर्षी त्यातलाच एक समोरची काच फोडून आत आला होता. पट्टीचा म्हातारा राखणदार अपालोरिस यानं तिला बाहेर ओढून तोंडावरचं रक्त पुसलं होतं. "यातलं निम्मं त्या पक्ष्याचंच आहे, पोरी," म्हणाला होता. जखमा भरल्या. आपण ठीक आहोत, असं तिनं विमानसेवेच्या साहेबांना सांगितलं. ते खोटं होतं. आभाळात काळं काही हललं की तिची मान आपोआप खाली जाई आणि डोळे मिटत. एकदा पट्टीवर उभी असताना डोक्यावरून साधी घार गेली, तेव्हा म्हाताऱ्यानं ते पाहिलं.

म्हाताऱ्याचं जन्माचं नाव वेगळं होतं, पण तुर्काना जमातीतल्या पुरुषाला लोक त्याच्या लाडक्या बैलावरून ओळखतात. अपालोरिस म्हणजे ठिपकेवाल्या बैलाचा बाप. तो बैल गळ्यातली घंटा वाजवत कुत्र्यासारखा त्याच्या मागं मागं फिरे आणि म्हातारा त्याच्यावर गाणी रची.

"बायकोवर एक तरी रचलंत का, बाबा?" न्योकाबी चिडवायची.

"बायकोला शिंगं कुठायत?"

रेडिओ खरखरला. खालून दवाखान्याची परिचारिका अकिरू बोलत होती.

"कॅप्टन, मूल आडवं आहे. हात बाहेर आलाय. उतरा ना लवकर!"

"पक्षी आहेत."

"ते दिसतायत मला. बाई गार पडत चाललीय."

न्योकाबीनं विमान वळवून पट्टीच्या रेषेत आणलं. पट्टी जवळ येत गेली, मग मधेच समोर काळं काहीतरी फाकलं आणि तिची मान खाली गेली. डोळे उघडले तेव्हा विमानाचा एक पंख कलला होता आणि बाभळींचे शेंडे हाताशी आले होते. तिनं सगळा जोर लावून विमान वर ओढलं. उतरलो नाही तर बाई जाणार, आणि उतरताना पुन्हा डोळे मिटले तर आपण.

"अपालोरिस विचारतोय, किती वेळ थांबू शकता?" अकिरू म्हणाली.

तिनं इंधनाचा काटा पाहिला. "वीस मिनिटं. मग मला परत फिरावं लागेल."

ती उंचावर घिरट्या घालत राहिली. दहा मिनिटं गेली. पंधरा. आणि मग पक्ष्यांचं ते फिरतं वेटोळं हळूहळू सरकलं. एकामागून एक करकोचे कोरड्या नदीपलीकडे उतरू लागले.

"पट्टी मोकळी आहे, म्हणतोय," अकिरू ओरडली. "ये म्हणतोय!"

न्योकाबी खाली आली. एक मागं राहिलेला पक्षी अगदी शेवटी आडवा आला. मान झुकू लागली, पण तिनं डोळे ताणून उघडे ठेवले. तो पंखावरून निघून गेला आणि चाकं टेकली.

चौघांनी बाईला कातड्याच्या झोळीतून आणून आत निजवलं. अकिरू तिच्याशेजारी बसली. तेवढ्यात नदीकडून अपालोरिस चालत आला. उजवा हात कोपरापर्यंत लाल होता, डाव्या हाताची मूठ वळलेली.

"दुसऱ्या फेरीला विमान डुललं," तो म्हणाला. "मान गेली ना खाली?"

तिनं मान डोलावली.

"जा आता. ऊन कलेपर्यंत ते ताटावरून उठायचे नाहीत."

"खाटकांकडून काय घेतलंत?"

"आतडी त्यांना इथं मिळतातच, त्यांना कुठले भुलतायत! अख्खं जनावर हवं होतं. आणि बाजारातलं जनावर वीस मिनिटांत नदीपलीकडे येतंय होय? हाक मारली की मागं येणारं एकच होतं."

त्याच्या मुठीतून घंटेची वादी लोंबत होती. वाजू नये म्हणून त्यानं आतला लोळा घट्ट धरला होता.

"अपालोरिस..."

"आज त्या नावानं नको, पोरी. ऐकवत नाही. एकाई म्हण. आईनं ठेवलेलं."

विमान उठलं. उजवीकडे नदीपलीकडे काळा ढीग हलत होता. त्यातला एकही पक्षी वर आला नाही. मागं बाई कण्हत होती, म्हणजे होती अजून.

"लोडवारला निघालेय," तिनं रेडिओवर कळवलं. "शस्त्रक्रियेची तयारी ठेवा."

"मंगळवारी नातोबोकला उतरलीस?" लोडवारहून मुतुआनं विचारलं. तो वीस वर्षं रेडिओवर होता, प्रत्येक पट्टीवरचा माणूस त्याच्या ओळखीचा. "मोकळी कुणी करून दिली पट्टी?"

ओठांवर आलेलं नाव तिनं गिळलं.

"एकाईनं."

"एकाई?" तो म्हणाला. "हा कोण?"